ओतायचं ते सिलिकॉनमध्ये

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या ना. काल दुपारी कुरिअरवाला तुमच्या ओसरीवर कसलं खोकं टाकून गेला? साचे? सिलिकॉनचे? अगं बाई, म्हणजे ही साथ तुमच्याही घरात शिरली तर!

हसत नाहीये हो. गणपती तोंडावर आलेत, यंदा आपल्या गल्लीत घरटी चॉकलेटचे मोदक होणार असं दिसतंय. बघू तरी. हं, जाड आहे, बरंय. जरा पिळून बघा. दुमडीवर पांढरी रेघ उमटली का? नाही ना? मग ठीक. रेघ उमटली की बहुधा आत स्वस्तातली पूड मिसळलेली असते. पक्की कसोटी नाही ही, पण दुकानात उभ्या उभ्या एवढंच करता येतं. आणि नाकाला लावून बघायचं. रबरासारखा उग्र वास आला तर साचा कितीही गोजिरा असो, परत ठेवायचा. मी बोहरी आळीत हेच करते. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

कोपऱ्यावरच्या घरातलं कळलं का तुम्हाला? हळू बोलते. त्यांच्या सुनेनं दिवाळीत लॅव्हेंडरचे साबण केले होते. सुरेख झाले होते, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या संकष्टीला तिनं त्याच साच्यात चॉकलेटचे मोदक ओतले! साचा धुतला होता बिचारीनं, नाही असं नाही. पण सिलिकॉन तेल आणि वास धरून बसतं. नैवेद्याचा मोदक तोंडात टाकल्यावर सासरे म्हणाले, "हा खायचा की अंगाला लावायचा?" सासूबाईंनी मलाच सांगितलं, म्हणून मी बोलतेय. तेव्हा साबणाचे, मेणबत्तीचे, रेझिनचे साचे एका डब्यात आणि खाण्याचे दुसऱ्या डब्यात. मी तर डब्यावर मार्करनं लिहून ठेवलंय, कारण आमच्या घरात कोण काय कुठे ठेवेल त्याचा नेम नाही.

काय म्हणालात, उकडीचे मोदक? यात? छे हो! तिथेच सगळे फसतात. माझं म्हणणं सोपं आहे: जे ओतायचं ते सिलिकॉनमध्ये, जे दाबायचं ते कडक साच्यात. उकड दाबावी लागते, माव्याचा मोदकही दाबून भरावा लागतो, आणि हा साचा लवचीक, दाबला की फाकतो. कळ्या पुसट होतात, मोदक बसका निघतो. त्याला आपला प्लॅस्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा मिटणारा साचाच बरा. खरं तर उकडीचा मोदक हातानंच वळावा, पण ते मी तुमच्या सासूबाईंसमोर बोलणार नाही, त्यांना वाटेल टोमणा मारला.

चॉकलेटला मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही. कंपाउंडची लादी बारीक चिरा, पातेल्यात पाणी तापवून त्यावर वाडगं ठेवा आणि वाफेवर वितळवा. वाडग्याचं बूड पाण्याला टेकू द्यायचं नाही. पाण्याचा एक थेंब जरी चॉकलेटमध्ये पडला ना, तरी ते घट्ट होऊन गोळा होतं, म्हणून साचाही धुतल्यावर कोरडा ठणठणीत पुसायचा. आधी ब्रशनं आतून एक थर फिरवा, कळ्यांच्या टोकापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर टोकं बुटकी होतात. तो सेट झाला की गुलकंद नाहीतर भाजलेलं सुकं खोबरं आणि काजू भरा, वरून पुन्हा चॉकलेट घाला आणि साचा ओट्यावर हलकेच आपटा. बुडबुडे वर येतात. दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये. मग साचा उलटा करून मागून अंगठ्यानं ढकलला की मोदक टपकन हातात. आतून चकचकीत असलेला साचा घेतला असेल तर मोदकही चकाकतो. साचा मॅट असेल तर चॉकलेट कितीही महागाचं घ्या, ते मंदच दिसणार.

आणि साचा कायम ताटलीवर ठेवून भरा. भरल्यावर उचलायला गेलात की मध्येच वाकतो आणि सगळं फरशीवर.

केक? होतो ना. ओव्हनमध्ये बहुतेक साचे 220-230 अंश सोसतात, तरी पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. पत्र्याच्या डब्यापेक्षा याला उष्णता हळू लागते, म्हणून केकच्या कडा फिकट राहतात. पाच-सात मिनिटं जास्त ठेवा आणि पूर्ण निवल्याशिवाय काढू नका. आमच्या जाऊबाईंनी काय केलं माहितीये? कुकरमध्ये पाणी न घालता केक करतात ना, तसा केला आणि सिलिकॉनचा साचा थेट बुडाला टेकवला. वितळला नाही, पण करपला, कडकडीत झाला, आणि घरभर असा काही वास की चार दिवस गेला नाही. कुकरला आपला ॲल्युमिनियमचा डबाच. गॅसच्या आचेशी सिलिकॉनचं जमत नाही.

बरं, साबणाचं विचारत होतात. त्यात एक गोम आहे. ग्लिसरीनचा बेस वितळवून लगेच उटणं मिसळलंत तर सगळं तळाशी बसतं आणि वडीची एक बाजू पिवळी, एक पांढरी. बेस जरा निवू द्या, वर पातळ साय धरायला लागली की मग उटणं ढवळा आणि ओता. पाडव्याच्या गाठीही ओतायच्याच. हलवाई लाकडी साच्यात दोरा धरून पाक ओततो. घरी सिलिकॉनमध्ये छान होतात, पाक 120 अंशांवर असला तरी साच्याला काही होत नाही. हाताला जपा फक्त.

रेझिनचं मी सांगणार नाही, मला त्याचा वासच सोसत नाही. करणारच असाल तर खिडक्या उघड्या, हातमोजे घालून, आणि मुलं लांब. आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस उरलं तर मोरीत ओतू नका हो! मागच्या गल्लीत एकांनी ओतलं, ते नळीत दगड होऊन बसलं, प्लंबरनं पाइपच कापला.

धुताना गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ स्पंज. तारेची घासणी लावायची नाही, सुरीनं आतल्या आत केक कापायचा नाही. ओरखडे पडले की तिथेच तेल साचतं.

तुमचा साचा चार खणांचा दिसतोय. एकवीस मोदकांना सहा वेळा ओतत बसाल. माझा सहा खणांचा न्या, खाण्याच्या डब्यातला आहे, बेलाशक वापरा. फक्त अनंत चतुर्दशीच्या आत परत करा. गेल्या वर्षी एकीनं नेलेला अजून आलेला नाही. नाव सांगत नाही, पण तिच्या गच्चीवर आत्ता निळी चादर वाळतेय.