ते 'फुर्र' जास्त टाका

शिरूर कासारात एडिटिंग आम्ही लग्नांवर शिकलो. तेव्हा त्याला मिक्सिंग म्हणायचे. नवरदेव बदामातून बाहेर यायचा, नवरी पान उलटून यायची, आणि मुलीचे मामा ऐन मंगलाष्टकांत गोल गोल फिरत नाहीसे व्हायचे. सॉफ्टवेअरात जेवढी ट्रान्झिशन असतील तेवढी एका लग्नात खपवायची, हा धंद्याचा नियम. गिऱ्हाईकही ती मोजून घ्यायचं. "त्यांच्या पोराच्या शूटिंगमधी कबुतर उडालं, आमच्यात काहून नाही?" असा जाब मला भर बाजारात विचारला गेला आहे.

पुढे २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, ८ जुलैला भारतात इन्स्टाग्रामचं रील सुरू झालं, आणि आमच्याकडची कलाकार मंडळी बिऱ्हाड हलवून तिकडं गेली. त्यांच्या मागोमाग दुकानदार गेले. त्यांना आता बदाम नको असतो. त्यांना 'क्रिएटरसारखी' जाहिरात हवी असते. म्हणजे जी जाहिरात आहे असं वाटता कामा नये. फोन उभा धरायचा, घरचंच कुणी सहज बोलतंय असं दाखवायचं, आणि पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याचा अंगठा थांबवायचा.

आमच्याकडं हा अंगठा कुठं असतो, हेही बघावं लागतं. दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. तालुक्यातली कितीतरी माणसं मग चार-पाच महिने फडाशेजारच्या कोपीत. दिवसभर कोयता, रात्री मोळ्या भरणं, त्यातून उरलेला वेळ फोनला. हंगाम संपून पट्टा पडला की ही माणसं परत येणार आणि लगेच लग्नसराई. तेव्हा शिरूरच्या कापड दुकानाची जाहिरात शिरूरकरासाठीच करायची, पण तो बघणार कागलच्या रानात.

अशाच एका दुकानाचे मालक, त्यांना सगळा गाव बप्पा म्हणतो, माझ्याकडं आले. मागणी सोपी होती. सूनबाई उडी मारणार, साडी बदलणार. "आन् मधी ते फुर्र टाका." फुर्र म्हणजे दृश्य बदलताना येणारा आवाज. बप्पांच्या मते एडिटिंगचे पैसे त्या फुर्रचेच असतात, बाकीचं फोन आपोआप करतो.

या उडीत जादू काही नाही, कटकट मात्र पुष्कळ आहे. फोन तिपाईवर घट्ट बसवायचा. फरशीवर खडूनं पावलांच्या खुणा करायच्या. पहिल्या साडीत उडी, दुसऱ्या साडीत उडी, आणि दोन्हीकडं पाय जमिनीपासून सगळ्यात वर असतील त्या फ्रेमवर कापायचं. सेकंदाला तीस फ्रेम असतात. दोन-तीन इकडंतिकडं झाल्या तरी सूनबाई हवेत अडखळतात. शिवाय साडी नेसून होईपर्यंत दारातलं ऊन सरकतं आणि सावली नसलेली उडी मारून मोकळी होते. म्हणून शटर खाली ओढून ट्यूबलाइट लावली, तर पडद्यावर काळे पट्टे पळायला लागले. आपली वीज पन्नास हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. फोनचं शटर पन्नासाव्या हिश्शावर आणलं तेव्हा पट्टे गेले.

एवढं करून घरी येऊन जोडतो तर पहिल्या उडीच्या वेळी मागं गादीवर बसलेली मावशी दुसऱ्या उडीत नाही. भाव न पटल्यामुळं ती मधल्या वेळेत उठून गेली होती. बप्पांनी ते पाहिलं आणि साडीचं विसरून ओरडले, "आवो, मावशी गायब! हेच ठिवा!"

मावशीची परंपरा थोर आहे. १८९६ साली पॅरिसच्या रस्त्यावर चित्रण करताना फ्रेंच चित्रपटकार मेलिएसचा कॅमेरा अडकला, पुन्हा सुरू झाला, आणि पडद्यावर प्रवासी गाडीची शववाहिनी झाली, असं तो स्वतःच सांगायचा. आपल्या फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि दाणा बघता बघता वेल झालेला दाखवला. तो दाखवला कुणाला, तर ज्याच्याकडून भांडवल हवं होतं त्याला. ट्रान्झिशन दाखवून पैसे काढायची विद्या आम्ही शोधलेली नाही, एवढंच.

माझं मत विचाराल तर उत्तम जोड सप्त्यातल्या कीर्तनात बघावा. महाराजांचं वाक्य पुरतं संपलेलं नसतं तोच मृदंगावर थाप पडते, टाळकरी चाल उचलतात, आणि चाल संपते तेव्हा महाराज बोबड्या कान्ह्यावरून सासू-सुनेवर आलेले असतात. कुठं कापलं ते कुणाला कळत नाही, कारण आवाज आधी पोचतो. मी बप्पांनाही तेच करून दिलं: साडी बदलायच्या आधी बांगड्यांचा आवाज. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "झकास. आता फुर्र टाका."

खरा वाद झाला तो 'जाहिरात' या शब्दावरून. जाहिरात मानक परिषदेचे २०२१ चे नियम असे, की पैसे घेऊन किंवा संबंध असताना कुणी मालाची तारीफ केली तर तसं स्पष्ट लिहावं. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत निदान तीन सेकंद, त्याहून लांब आणि दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. आमचा व्हिडिओ तीस सेकंदांचा, आणि 'मला तर हे दुकान अचानकच सापडलं' म्हणणाऱ्या सूनबाई वर माडीवरच राहतात. म्हणजे दहा सेकंद.

बप्पा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. "म्हंजी जाहिरात वाटू नये म्हणून तुम्हाला पैशे द्यायचे, आन् वर जाहिरात लिहायचं?"

शेवटी शब्द न लिहिताच त्यांनी व्हिडिओ स्वतःच्या फोनवरून टाकला. मावशीसकट आणि फुर्रसकट.

आठवड्याभरात कोपीवरून एका बाईचा फोन आला. बप्पांनी स्पीकर चालू केला, कारण कौतुक चारचौघांनी ऐकावं. बाईंनी उडीची चौकशी केली नाही, गायब मावशीची केली नाही. त्यांनी व्हिडिओ मधेच थांबवून, दोन बोटांनी मोठा करून, मागची फळी वाचली होती.

"बप्पा, वर साडेसातशे लिव्हलंय. मागं पुठ्ठ्यावर त्याच साडीला साडेसहाशे हाय. पाडव्याला येते, दोन घ्यायच्यात. कोणत्या भावानं येऊ?"

साडेसहाशेवर तोडलं. फोन ठेवून बप्पा माझ्याकडं वळले.

"ते जाहिरात का काय लिव्हायचं म्हणत होताव ना, ते पुठ्ठ्यावर बसंल का?"

"बसंल. पण दहा सेकंदच लागतं."

"दहा काहून? पुरं तीस ठिवा."