चिमणराव येतील, आधी चौपदरी होऊ द्या

वडखळ नाक्यावर सरळ गोव्याचा रस्ता, उजवीकडे अलिबागचा फाटा आणि मधोमध वाट पाहण्याचा पिढीजात अनुभव. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. तेव्हापासून इथला माणूस कशाचीही वाट पाहू शकतो, ‘चिमणराव गुंड्याभाऊ’च्या डीव्हीडी संचाचीसुद्धा.

चिं. वि. जोशींच्या कथांवरची ही मालिका मुंबई दूरदर्शनने दाखवली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चाळीत एकाच घरी टीव्ही असायचा आणि दारातल्या चपलांवरून प्रेक्षकसंख्या कळायची. संपूर्ण संच मात्र मागू नये. त्या काळी टेप महाग, म्हणून जुनं पुसून त्याच टेपवर नवं मुद्रित करायची रीत होती. काटकसर पाहून चिमणराव स्वतः खूश झाले असते!

बीबीसीनेही हेच केलं. त्यांच्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेच्या दुसऱ्या मालेतले तीन भाग आजही सापडलेले नाहीत. तिथले चाहते निदान माळे धुंडाळतात. आपल्याकडे माळ्यावर गणपतीचं मखर असतं.

तरीही चाहता हटत नाही. ‘पूर्ण संच आला की लगेच घेणार,’ असं तो एसटीत शेजाऱ्याला बजावतो. घरातला डीव्हीडी प्लेयर भंगारवाल्याने कधीच नेला, हे त्याची बायको पुढच्या सीटवरून सांगते. गाडी अजून पेणच्या अलीकडेच आहे.