इंग्रजीतून कसे कण्हावे : नवशिक्यांसाठी

लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीत गेलेले आईबाबा, लंडनजवळ स्लाउला नोकरी लागलेला भाचा, एमएस करायला टेक्सासात गेलेली शेजाऱ्यांची पोर. यांच्यापैकी प्रत्येकाचं तिथे आज ना उद्या काहीतरी दुखणार. विमा काढलेला असतो, गोळ्यांचा डबा आणि अमृतांजन बॅगेत असतं. दुखण्याचं इंग्रजी मात्र कुणी भरून देत नाही. शाळेत आपल्याला त्याचं एकच वाक्य शिकवलं, ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर’, आणि रजेच्या अर्जातल्या त्या एका वाक्याच्या जोरावर आपण दहावीपर्यंत आजारी पडलो.

लाजू नका. प्रेमात पडलेल्यांची इंग्रजीत चांगली सोय आहे, डोकं दुखणाऱ्यांची नाही, अशी तक्रार खुद्द इंग्रजी कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात करून ठेवली आहे. बाईंची ही गत, तिथे तुमची काय कथा. पण तुम्हाला निबंध लिहायचा नाही. तुम्हाला गोळी हवी आहे, आणि त्यासाठी आपलं खरोखर दुखतंय हे समोरच्याला पटवायचं आहे. खालच्या सूचना क्रमाने पाळा.

१. पेपर फुटलेला आहे, आधी बघून घ्या.

ब्रिटनमधल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना दुखण्याची चौकशी ‘सॉक्रेटिस’ या आद्याक्षरांच्या यादीने करायला शिकवतात : कुठे दुखतं, कधी सुरू झालं, कशा प्रकारचं, कुठे पसरतं, सोबत आणखी काय होतं, कधी कधी होतं, कशाने वाढतं-कमी होतं, किती आहे. आठ प्रश्न, ठरलेले. उत्तरं घरून पाठ करून जा. तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे साधारण दहा मिनिटं मिळतात. ‘त्याचं असं झालं डॉक्टर, परवा नणंदेकडे वास्तुशांत होती’ अशी सुरुवात केलीत तर वास्तुशांतीतच वेळ संपेल.

२. नुसतं ‘पेन’ म्हणू नका.

पेन सगळ्यांनाच होतं. विशेषण लावा. १९७५ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी यासाठी ७८ शब्दांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. शब्दांचे २० गट आहेत आणि प्रत्येक गटात सौम्य ते जहाल अशी चढण आहे. पहिल्याच गटात फ्लिकरिंग, क्विव्हरिंग, पल्सिंग, थ्रॉबिंग, बीटिंग, पाउंडिंग. लागू पडेल त्या गटातून एकच शब्द उचलायचा. म्हणजे तुम्ही गुडघा धरून बसला आहात, घाम फुटलाय, आणि हे दुखणं बीटिंग की पाउंडिंग याचा निर्णय द्यायचा आहे. घाई करू नका. एका पायरीने गुण बदलतात.

हे गुण कुणी ठरवले, असा उद्धट प्रश्न मनात आणू नका. मेलझॅक आणि वॉरन टॉर्गरसन यांनी १९७१ साली आधी १०२ शब्द गोळा केले आणि कुठला शब्द किती तीव्र, हे डॉक्टर, रुग्ण आणि विद्यार्थी अशा तिघांना विचारलं. तेव्हा तुमच्या कळेचं वजन ठरवणाऱ्यांत कुणी धडधाकट कॉलेजकुमारही असू शकेल. त्याचे आभार माना. मेलझॅक यांचा हेतू मात्र खरंच चांगला होता. दुखणं म्हणजे नुसतं कमी-जास्त नव्हे, त्याला जातकुळी असते, हे त्यांनी लोकांचं ऐकून घेऊन मांडलं. पण चांगल्या हेतूचा फॉर्म झाला की पुढे तो भरावाच लागतो.

३. हत्यारांची ओळख करून घ्या.

स्टॅबिंग म्हणजे भोसकल्यासारखं, कटिंग कापल्यासारखं, ड्रिलिंग भोक पाडल्यासारखं, क्रशिंग चिरडल्यासारखं. यांतला एकही अनुभव गाठीशी नसला तरी चालतं. शूटिंग पेन सांगणाऱ्या किती जणांना गोळी लागलेली असते? ‘बोअरिंग’ हा अधिकृत यादीतला शब्द आहे आणि तो गिरमिटाचा आहे, पण तो जपून वापरा. पोटावर हात ठेवून ‘व्हेरी बोअरिंग पेन’ म्हणालात तर लोक सहानुभूतीने तुम्हाला टीव्ही लावून देतील. ‘लॅन्सिनेटिंग’ तर नकोच. इतका नेमका शब्द वापरणारा माणूस रात्री मोबाइलवर वाचून आलाय, हे लगेच ओळखू येतं.

घरचा माल शब्दशः नेऊ नका. ‘कंबर धरलीय’ याचं सासूबाईंनी केलेलं भाषांतर नर्सने ऐकलं, तर ती दार लावून घेईल आणि हळूच विचारेल, ‘घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं ना?’ अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत हा प्रश्न विचारतातच. त्यावर सासूबाईंना सुनेविषयीचं मन मोकळं करण्याचा मोह होईल. तो आवरायला सांगा.

४. दुखण्याला जागा द्या, आणि एकच द्या.

ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे, विशेषतः बायकांसाठी. ‘सगळं अंग दुखतंय’ हे वाक्य आपल्याकडे डॉक्टर, शेजारीण आणि भांडीवाली तिघींनाही तत्काळ समजतं. ते इंग्रजीत नेऊ नका. ब्रिटनच्या रुग्णालयांत सगळं अंग दुखतं म्हणणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांसाठी काही कर्मचाऱ्यांनी आपसांत ‘मिसेस बीबी सिंड्रोम’ असं नाव पाडलं होतं. ते कुठल्या पाठ्यपुस्तकातलं नाव नाही, मागच्या खोलीतलं आहे. अर्थ असा की बाई उगाच विव्हळतेय. बाई कोण, वय काय, दिवसभर उभ्याने काय काम करते, याची चौकशी तिथे संपते, कारण निदान झालेलं असतं.

तेव्हा मावशींना समजवा. खांदा, पाठ, टाचा, मनगटं यांतला एक अवयव निवडायला लावा. जो एक्स-रेत चांगला दिसतो तो घ्या. बाकीच्यांना पुढची अपॉइंटमेंट.

तुमचा रंग कोणता, यावरही थोडं अवलंबून आहे. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठात झालेल्या संशोधनात असं निघालं, की कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते यासारख्या निखालस खोट्या समजुतींपैकी किमान एक तरी सुमारे निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना थोडीफार खरी वाटत होती. अशा समजुती असलेले काळ्या रुग्णाचं दुखणं गोऱ्यापेक्षा कमी धरत होते. यावर आमच्याकडे टीप नाही. उच्चार सुधारून पाहा.

५. आकडा तयार ठेवा.

शेवटी सगळी विशेषणं बाजूला ठेवून विचारतात, ‘शून्य ते दहात किती?’ शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं भयंकर. नियम लक्षात घ्या : ज्याची कल्पनाशक्ती दांडगी, त्याचा आकडा लहान. ज्याने नरकयातनांची वर्णनं मन लावून ऐकली आहेत, त्याचा मुतखडा तीनवरच अडणार. अशा वेळी गरुडपुराण विसरा.

बाबांची तयारी वेगळी करून घ्या. त्यांना कुणी कितीही विचारलं तरी ते म्हणणार, ‘काही नाही, थोडंसं.’ आपल्याकडे याचा अर्थ ‘ताबडतोब रिक्षा बोलवा’ असा होतो. तिथे त्याचा अर्थ होतो दोन. दोनवाल्याला बाकावर बसवतात आणि बसलेला माणूस बसून राहतो. उलट दहा म्हणणाऱ्याने निदान हातातला मोबाइल तरी खाली ठेवावा. सात हा सभ्य आकडा आहे. सातमध्ये कळ आहे आणि संस्कारही आहेत.

आकडाही जमत नसेल तर चेहऱ्यांचा तक्ता मागा. डॉना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८३ साली लहान मुलांसाठी तो केला. सहा चेहरे आहेत, शेवटचा रडतो. सत्तरीचे आजोबा त्यावर बोट ठेवताना संकोचतील. त्यांना म्हणावं, ठेवा, नातवाने कालच ठेवलंय.

आणि कुरकुर करू नका, याहून वाईट दिवस होते. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये हार्डी, वुल्फ आणि गुडेल या संशोधकांनी काळ्या केलेल्या कपाळावर दिव्याची उष्णता पाडून दुखणं मोजलं. आधी स्वतःच्याच कपाळावर, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. दुखण्याला त्यांनी ‘डोल’ नावाचं एकक दिलं, कमाल साडेदहा डोल. पुढे ते यंत्र बाळंतिणींच्या खोलीत गेलं. दोन कळांच्या मधल्या वेळात बाईच्या हाताला चटका द्यायचा आणि विचारायचं, आत्ताची कळ याएवढी होती का? कळ मोजण्यासाठी भाजून काढणारं शास्त्र पाहिलं की शून्य ते दहा फार प्रेमळ वाटू लागतं.

६. औषधाचं नाव तोंडून काढू नका.

हे अमेरिकेपुरतं. १९९० च्या दशकात तिथे ‘दुखणं ही पाचवी जीवनखूण’ अशी मोहीम निघाली. नाडी, श्वास, ताप, रक्तदाब यांच्याशेजारी तुमचा आकडाही लिहायचा. त्याच काळात, १९९६ साली, ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या जातकुळीतली वेदनाशामक गोळी बाजारात आली. आकडा सांगा, गोळी घ्या, असे ते दिवस होते. व्यसनाने माणसं मरू लागल्यावर वारं फिरलं, आणि २०१६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही पाचवी खूण वगळावी असं मत दिलं. तुम्ही उशिरा आलात. आता नेमकं नाव घेऊन गोळी मागणारा पेशंट संशयित ठरतो. ‘ती पांढरी असते, टॅब्लेट’ एवढंच म्हणा आणि भोळे दिसा.

७. चेहरा मध्यम ठेवा.

रडलात तर नाटक, हसलात तर दुखत नाही.

८. डॉक्टर मिरजेचा निघाला तर पाघळू नका.

तसा निघण्याची शक्यता बरीच आहे. तो फाइल बाजूला ठेवून म्हणेल, ‘काय होतंय काका?’ घशाशी येईल सगळं : ठणका, चमक, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, परवाची वास्तुशांत. आवरा. त्यालाही दहाच मिनिटं आहेत, आणि लिहायचं त्यालाही इंग्रजीतच आहे. ‘थ्रॉबिंग, डावा गुडघा, सात’ म्हणा. साडेसात म्हणू नका. तेवढा रकाना नाही.