तुलूझहून प्रस्थान

लांबच्या सायकलप्रवासाची गंमत अशी, की निघण्यासाठी आधी कुठेतरी राहावं लागतं. विमानातून आलेली सायकल खोक्यातून काढायची, हँडल सरळ करायचं, ब्रेक तपासायचे, आणि पोटाला नि झोपेला नव्या घड्याळाची ओळख करून द्यायची. त्यासाठी मी तुलूझ निवडलं. दक्षिण फ्रान्समधलं, गारोन नदीच्या काठचं हे शहर. कनाल द्यू मिदी नावाचा जुना कालवा इथून निघतो आणि 240 किलोमीटर रमतगमत जाऊन सेतजवळ भूमध्य समुद्राला भेटतो. बेत साधा होता. कालव्याचं बोट धरायचं आणि समुद्र दिसेपर्यंत सोडायचं नाही.

पण खोली मिळाली की कपाट उघडावंसं वाटतं, आणि कपाट उघडलं की माणूस हळूहळू रहिवासी व्हायला लागतो. पुढे सायकलच्या पिशवीत बोळा करून कोंबायचे शर्ट मी हँगरला लावले, चुरगळू नयेत म्हणून. मग तेल आणलं, कांदे आणले, मिठाचा पुडा आणला. पुडा चांगला किलोचा. समुद्राकडे निघालेल्या माणसाने किलोभर मिठाची बेगमी करावी, यावर ओट्याशी उभा राहून मी एकटाच हसलो. सायकल मात्र संप पुकारल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचं उजवं पेडल बसलं होतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते उलटं फिरवून आवळावं लागतं, तेव्हा ते काम निवांतपणे उद्या करावं असं ठरलं. एका पेडलच्या सायकलवाल्याला कुणी ‘कधी निघताय?’ म्हणून विचारत नाही, हा त्यातला फायदा.

अशा वेळी मला आजोबांची आठवण येते. त्यांना परगावी जायचं असे, पण मुहूर्त नेमका आदल्या दिवशीचा निघे. मग ते प्रस्थान ठेवत. धोतर, मूठभर तांदूळ आणि सुपारी अशी छोटी पुरचुंडी मुहूर्तावर शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची, की शास्त्रापुरता प्रवास सुरू झाला. मग घरी येऊन आमटीभात जेवायचा आणि स्वतःच्या अंथरुणावर घोरत पडायचं. आजोबा गावाला गेलेत की घरात आहेत, हा प्रश्न लहानपणी मला फार छळायचा. तुलूझमध्ये त्याचं उत्तर मिळालं. दोन्ही खरं असतं, आणि त्या दोहोंच्या मधला वेळ कुणाच्याच हिशेबात नसल्यामुळे फार गोड लागतो.

या शहराने मात्र कालव्याकाठी एका अगदी उलट नशिबाच्या माणसाचा पुतळा उभारला आहे. पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी. माझ्या ओट्यावरच्या पुड्यामुळे आमची जवळीक लगेच जमली. 1666 मध्ये चौदाव्या लुईने या कालव्याला मंजुरी दिली आणि रिके कामाला लागला. खणायला माणसं मिळत होती. अडचण होती ती उंचवट्यावर पाणी आणण्याची. रिकेने डोंगरातले ओढे वळवले, सँ-फेरेओलला मोठं धरण बांधलं आणि नोरूझच्या खिंडीत पाणी आणून सोडलं. तिथून ते दोन्हीकडे वाहतं, एक वाट भूमध्य समुद्राकडे, दुसरी अटलांटिककडे. स्वतःची दौलत त्यात ओतून तो कर्जात बुडाला आणि ऑक्टोबर 1680 मध्ये वारला. कालवा खुला झाला मे 1681 मध्ये. सगळी तयारी त्याची, प्रवास तेवढा दुसऱ्यांचा. त्याच्या पुतळ्याखालून जाताना रेंगाळणाऱ्याला जरा ओशाळं वाटतं.

पण ते फार वेळ टिकत नाही, कारण संध्याकाळ होते. आसपास दगड दुर्मीळ म्हणून हे शहर नदीकाठच्या मातीच्या चपट्या, रुंद विटांनी बांधलं गेलं. पण ऊन कललं की याच विटा आधी नारिंगी, मग गुलाबी होतात आणि शेवटी जांभळटपणाकडे झुकतात. लोक याला गुलाबी शहर म्हणतात. एका उणिवेचं इतकं देखणं नाव क्वचितच पडलं असेल. माताबियो स्टेशनसमोर कालव्याचं हिरवट पाणी जवळजवळ न हलता पडलेलं असतं. स्टेशनातून माणसं धावत बाहेर पडतात. काठावरचे चिनार आणि पाणी त्यांच्याकडे पाहतही नाहीत. पुढे कार्कासोनच्या बाजूला या झाडांना रोग लागला आणि 2006 पासून हजारो तोडावी लागली. म्हणून जी उभी आहेत त्यांच्या सावलीत बसणं हेही मला कामच वाटू लागलं.

सकाळी विक्तोर ह्यूगो बाजार. बहुमजली पार्किंगच्या पोटात हा बाजार भरतो. डोक्यावर मोटारींच्या रांगा, खाली चीज, सॉसेज आणि मासे. दोन खेपा झाल्या की चीजवाल्या बाई आपल्याला ओळखल्यासारखं हसतात, आणि ज्या गावात कुणी ओळखून हसतं तिथून निघणं म्हणजे उगाचच कृतघ्नपणा वाटतो. पेडल आवळायचा पाना त्या दिवशीही पिशवीतच राहतो.

तेव्हा तुम्हीही कधी तुलूझहून सायकलने निघणार असाल, तर जरूर आधी तिथे राहा, शर्ट हँगरला लावा, मीठसुद्धा घ्या, फक्त छोटा पुडा घ्या. आणि निघायला सोमवार धरा. त्या दिवशी विक्तोर ह्यूगो बाजार बंद असतो.