प्रमाण एसक्यूएल यांस, मु. पो. जिनिव्हा

श्री. प्रमाण एसक्यूएल ऊर्फ आयएसओ/आयईसी ९०७५ यांस,

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या साहेबांचा तुमच्यावर फार विश्वास आहे. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवरून पोस्टग्रेसवर न्यायचं ठरलं, लायसन्सचे पैसे वाचतात म्हणून. साहेब म्हणाले, "शेवटी दोन्हीकडं एसक्यूएलच ना? इथल्या क्वेऱ्या उचलायच्या, तिथं नेऊन ठेवायच्या." बिऱ्हाड हलवताना टेम्पोवाल्याला सांगावं, तसं. साहेबांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. मीही नाही. तुमचं दर्शन घ्यायचं तर स्विस फ्रँक मोजावे लागतात आणि आमच्याकडं चहाचं बिलसुद्धा दोन सह्यांशिवाय पास होत नाही.

तसं तुमचं घराणं मोठं. १९७४ साली आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत चेंबरलिन आणि बॉइस यांनी तुमचं नाव 'सीक्वेल' ठेवलं. ते आधीच दुसऱ्या कुणाच्या मालकीचं निघालं, म्हणून स्वर गाळून तीन अक्षरं उरली. १९८६ला अमेरिकेत तुमची मुंज झाली, १९८७ला आयएसओच्या दप्तरी नोंद. तेव्हापासून प्रत्येक डेटाबेसवाला तुमची तसबीर भिंतीला लावतो आणि तिच्याच खाली बसून आपली बोली बोलतो.

माझी तक्रार फक्त अपडेटपुरती आहे. सिलेक्ट चुकलं तर चुकीचं दिसतं. अपडेट चुकलं तर चुकीचं होतं.

एका टेबलाचं अपडेट तुम्ही छान शिकवलंत. टेबलाचं नाव, सेट, व्हेअर. कुठंही न्या, चालतं. पण नवी किंमत दुसऱ्या टेबलात असली तर? रोजच्या कामात ती तिथंच असते. खातं खात्यांच्या टेबलात, व्याजदर योजनांच्या टेबलात. इथं तुम्ही "सबक्वेरी लिहा" एवढंच पुटपुटलात आणि गप्प झालात. जॉइनचं नावही काढलं नाहीत. थोरल्यानं तोंड मिटलं की घरात वाटण्या होतात, तशा झाल्या. मायएसक्यूएलनं जॉइन सेटच्या आधी मांडला. एसक्यूएल सर्व्हरनं सेटच्या मागं फ्रॉम बांधला. पोस्टग्रेसनंही फ्रॉमच बांधला, दिसायला अगदी तसाच. ऑरॅकल वर्षानुवर्षं तुमच्या सबक्वेरीवर अडून बसला होता; अलीकडं, २३ क्रमांकाच्या आवृत्तीत, त्यानंही फ्रॉम घेतला.

आमचा घात केला तो त्या 'अगदी तसाच' दिसणाऱ्या फ्रॉमनं. आमची जुनी क्वेरी अशी: खाते अपडेट करा, व्याजदर योजनेतला लावा, फ्रॉममध्ये खाते (टोपणनाव 'के') जॉइन योजना, आणि 'के' चालू असावं. एसक्यूएल सर्व्हरला यात काही वावगं वाटत नाही. वर ज्याचं नाव घेतलं तेच हे खालचं खातं, असं तो समजून घेतो. पोस्टग्रेसच्या लेखी मात्र वरचं खातं वेगळं आणि 'के' वेगळा. दोघांना जोडणारी अट नाही, म्हणजे वरच्या प्रत्येक खात्याला खालची प्रत्येक जोडी लागू. नुसतं नाव परत लिहिलं असतं तर 'हेच टेबल दोनदा आलं' म्हणून तो ओरडला तरी असता. आम्ही नीटनेटकेपणा म्हणून टोपणनाव दिलं, आणि तो निमूटपणे कामाला लागला. सगळ्या खात्यांना, बंद झालेल्यांसकट, कुठल्यातरी एकाच योजनेचा दर लागला. ज्येष्ठ नागरिक, बचत, पिग्मी, सगळे एका पंगतीला. पडद्यावर कसलीही एरर नाही, फक्त किती रो बदलल्या तो आकडा. तो आकडा एकूण खात्यांइतका आहे हे आमच्यातल्या एका नव्या मुलीच्या लक्षात आलं. नशीब, की सर्व्हर टेस्टचा होता.

म्हणून मग आम्ही तुमच्या आज्ञेत राहायचं ठरवलं. सबक्वेरी लिहिली, जवळपास सगळीकडं चालते अशी. पण सेटमध्ये सबक्वेरी घातल्यावर तीच अट खाली व्हेअर एक्झिस्ट्समध्ये पुन्हा घालावी लागते. ती विसरली, तर ज्यांना योजना सापडली नाही त्यांच्या दराचा नल होतो. इतकं शिस्तीचं वागायचं आणि शिक्षाही अशी, याला काय म्हणावं?

बरं, जिथं तुम्ही स्वच्छ बोललात तिथं तरी लोकांनी ऐकलं का? एका सेटमधल्या सगळ्या नेमणुका जुन्या किमतींवरूनच व्हाव्यात, असा तुमचा नियम. 'अ'मध्ये 'ब' आणि 'ब'मध्ये 'अ' लिहिलं की अदलाबदल झाली पाहिजे. मायएसक्यूएल मात्र डावीकडून उजवीकडं एकेक उरकत जातो. शेवटी दोन्हीकडं 'ब'च. अक्षरं जोडायला तुम्ही दोन उभ्या रेघा दिल्या, त्याही तो मुळात 'किंवा' अशा वाचतो. स्ट्रिक्ट मोड बंद असलेल्या जुन्या सर्व्हरवर नाव आणि आडनाव असं जोडायला जाल, तर खातेदाराचं नाव शून्य होऊन बसतं. ऑरॅकल रिकाम्या अक्षरमाळेला नल समजतो, त्याबद्दल मी आता बोलतसुद्धा नाही. २००३ साली तुम्ही मर्ज आणलंत. पोस्टग्रेसनं ते २०२२मध्ये, पंधराव्या आवृत्तीत घेतलं. एकोणीस वर्षं! मायएसक्यूएलकडं अजून नाही.

हल्ली आम्ही आधी ट्रान्झॅक्शन उघडतो, अपडेट चालवतो, रो मोजतो, जुन्या आकड्याशी ताडतो आणि मगच कमिट. यातही गंमत आहेच. पोस्टग्रेस अटीत बसलेल्या सगळ्या रो मोजतो, मायएसक्यूएल 'बदललेल्या' म्हणून खरोखर बदललेल्याच सांगतो. म्हणजे मोजणीचीही भाषा वेगळी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक क्वेरीवाला

ता. क. एका ग्राहकाला हेच सॉफ्टवेअर मायएसक्यूएलवर हवं आहे. "दोन दिवस पुरतील ना?" असं साहेबांनी विचारलं, मी तुमच्या भरवशावर हो म्हणालो. मायएसक्यूएलच्या क्लायंटमध्ये 'आय-ॲम-अ-डमी' नावाचा एक पर्याय खरोखरच आहे. तो दिला की, व्हेअरमध्ये 'की' कॉलम नाही आणि लिमिटही नाही असं अपडेट तो चालू देत नाही. मी तो साहेबांच्या मशीनवर कायमचा लावून ठेवलाय. त्याचं दुसरं नाव 'सेफ-अपडेट्स' आहे. साहेबांना तेवढंच सांगितलंय.