झुरळांची बाजू

मास्तरांना झुरळं मारायला बोलवायचं आणि आधी झुरळांची बाजू ऐकून घ्यायची, अशी आमच्या सोसायटीत आता रीतच पडली आहे. पाठीवर फवाऱ्याची टाकी, हातात टॉर्च, खिशात जेलची सिरिंज आणि चेहरा इतका गंभीर, की जिन्यात भेटणारा माणूस हळूच विचारतो, "कुणाकडे? बरं नाही का?" दुसरा कुणी पेस्ट कंट्रोलवाला दारातूनच 'भांडी झाका, दोन तास बाहेर जा' म्हणाला असता. मास्तर चपला काढतात, पाणी मागतात आणि विचारतात, "कंची हायेत? बारकी का मोठी?"

झुरळांत बारकी-मोठी असा भेद असतो हे ज्या घराला ठाऊक नसतं, तिथे त्यांचा पहिला अर्धा तास जातो.

मास्तर हे शिक्षक नव्हेत. वडील पाटण तालुक्यातले, मशीद बंदरात माथाडी. धान्याचा बाजार तिथून तुर्भ्याला आला तसं बिऱ्हाडही इकडे आलं. हे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांची पाठ धरली आणि प्राणिशास्त्र सुटलं. सुटली ती परीक्षा; विषय काही सुटला नाही. आता दिवसा दाणाबंदरातली गोदामं आणि संध्याकाळी आमच्यासारख्यांचे फ्लॅट. "वडलांनी पोती उचलली, मी पोत्याखाली काय हाय ते बगतो," एवढीच ते स्वतःची ओळख करून देतात. 'मारणं' हा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही. ते 'बंदोबस्त' म्हणतात, आणि तोही जरा नाइलाजानं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे मी त्यांना पहिल्यांदा कामावर पाहिलं. मोठं, तांबूस, मोरीतून वर येतं आणि नेमकं अंगावर उडतं ते अमेरिकन झुरळ. ते मुळात अमेरिकेचं नाहीच, आफ्रिकेचं. बारकं, मानेमागे दोन काळे पट्टे असलेलं, मिक्सरच्या बुडाखाली आणि फ्रीजच्या रबरात संसार थाटतं ते जर्मन. "आणि जर्मन कसलं डोंबलाचं!" इथे मास्तरांचा आवाज चढला. अठराव्या शतकात लिनियस नावाच्या स्वीडिश पंडितानं जर्मन म्हटलं, ते आजवर चिकटलं. शेवटी २०२४ साली शास्त्रज्ञांनी देशोदेशीच्या झुरळांची जनुकं तपासली, तेव्हा निघालं की या जातीचं मूळ साधारण २१०० वर्षांपूर्वीचं, आणि तेही भारत नाहीतर म्यानमारच्या बाजूचं. तिथून व्यापाऱ्यांच्या आणि फौजांच्या सामानात बसून ते पश्चिमेला गेलं.

"आपल्याच भावकीतलं हाय वो वहिनी. परदेशात जाऊन नाव बदलून आलं."

"मग काय करू?" ओट्याला टेकून वहिनी म्हणाल्या. "रेशन कार्डावर नाव घालू?"

मास्तरांना टोमणे कळत नाहीत असं नाही, लागत नाहीत. त्यांनी चमच्यांचा ड्रॉवर पुरता ओढून काढला, पालथा केला आणि रुळाच्या खाचेवर टॉर्च धरला. खाचेत मिशा हलत होत्या. त्यातली एक मादी उजेडाला बावरून बाहेर आली. तिच्या मागच्या टोकाला तांबूस रंगाची एक कुपी होती, तांदळाच्या दाण्याएवढी, आडव्या बारीक रेघांची. "तीस-चाळीस अंडी हायेत तिच्यात," मास्तर कुजबुजले, जणू बाळंतिणीच्या खोलीत उभे आहेत. "अमेरिकन बाई कुटंतरी चिकटवून मोकळी हुती. ही मातर पिल्लं बाहेर पडायच्या वक्तापातुर वागवती." वहिनींनी नकळत पुढे वाकून पाहिलं, मग भानावर येऊन ओरडल्या, "अहो, गेली ती!" मास्तरांनी सिरिंज काढली, खाचेच्या तोंडाशी मसुराएवढा जेलचा ठिपका ठेवला आणि उसासा सोडला.

जेल गोडसर असतं. त्यावरून साखरेचा विषय निघणारच. अमेरिकेत गोड आमिषं ठेवून ठेवून अशी झुरळं निपजली की ती ग्लुकोजला तोंडच लावेनात. ही गोष्ट १९९३ साली जाहीर झाली, आणि २०१३ साली त्यातली मेख कळली: या झुरळांच्या तोंडाजवळच्या ज्या पेशी कडू चव ओळखतात, त्याच ग्लुकोजनं चाळवतात. म्हणजे त्यांना गोड हे कडू लागतं. वहिनींचे यजमान आतल्या खोलीत चहा पीत होते. मास्तर तिकडे वळून म्हणाले, "सायेब, डाक्टरनं सांगून तुमची साखर सुटंना. झुरळानं पोराबाळांसकट सोडली."

डोकं उडालेलं झुरळ आठवडाभर जगतं, कारण श्वास ते अंगावरच्या भोकांतून घेतं आणि मरतं ते पाणी पिता येत नाही म्हणून तहानेनं, ही माहिती मास्तर सहसा कुणाचं ताट वाढलेलं असताना देतात.

मुंग्यांच्या बाबतीत ते ग्राहकाला आधी दम देतात. पिवळसर, बारीक, साखरेच्या डब्यापेक्षा स्विचबोर्डात जास्त दिसणाऱ्या मुंग्यांवर कुणी हिट मारलं असेल तर मास्तर कपाळाला हात लावतात. या मुंग्यांच्या एका घरात अनेक राण्या असतात. फवारा बसला की एकेक राणी थोडी माणसं घेऊन वेगळी निघते. काल एक वारूळ होतं, आज चार चुली. "वाटण्या तुमीच करून दिल्या," ते म्हणतात. ज्या घरात खरोखरच सातबाऱ्यावरून कोर्टकज्जा चालू आहे, तिथेही म्हणतात.

ढेकणांचं प्रकरण मात्र ते बायकांसमोर काढत नाहीत. "ते जिन्यात सांगीन," म्हणतात, आणि मग जिन्यात चार पुरुष 'सहज' जमतात. ढेकणाच्या नराला शेजेची रीतभात ठाऊक नाही. तो मादीच्या पोटाला सरळ भोक पाडूनच आपला कार्यभाग उरकतो. एवढं सांगून मास्तर स्वतःच लाजतात आणि घाईघाईनं डायनासोरवर येतात. ढेकणांचं कूळ दहा कोटी वर्षांपेक्षा जुनं आहे, डायनासोरांच्या काळातलं. आधी समजत होते की ढेकूण मूळचा वटवाघळांवर पोसलेला. पण तेव्हा वटवाघळंही जन्मली नव्हती. "मग हा चावत कुणाला हुता?" मास्तर विचारतात. हा प्रश्न त्यांना खरंच छळतो. तुर्भे स्टोअरच्या एका खोलीत सहा पोरं रात्रभर अंग खाजवत होती, तिथेही त्यांनी आधी हाच प्रश्न विचारला होता.

उंदरांचा विषय निघाला की खुर्ची द्यावी लागते. तुर्भ्यात राहून उंदरांची तक्रार करणं म्हणजे पंढरपुरात राहून टाळांची तक्रार करणं, असं त्यांचं मत. धान्य, मसाला, कांदा-बटाटा, फळं, भाजी, असे पाच घाऊक बाजार एका जागी आणल्यावर उंदरांनी काय मशीद बंदरात उपाशी बसायचं? १८९६च्या सप्टेंबरात गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला तो मांडवीत, या धान्याच्या वखारींच्याच वस्तीत. उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, हे लोकांना कळत होतं. पण उंदरावरची पिसू हे काम करते, हे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं, तर पुढे कित्येक वर्षं भल्याभल्यांनी ते मानलं नाही. मास्तर इथे वकिलासारखे उभे राहतात. "आरोपी म्हणून धरला कुणाला? उंदराला. आणि पयला मयत कोण? उंदीरच!"

विष तरी साधं कुठे आहे? उंदीर नव्या वस्तूला दिवसच्या दिवस शिवत नाही; आणि खाल्लेलं ओकून टाकणं त्याला जमत नाही, म्हणून खाताना तो चाखत चाखत खातो. आजारी वाटलं की तो पदार्थ वर्ज्य. तेव्हा खाल्ल्यावर लगेच काही न होणारं विष हवं. ते सापडलं गाईंमुळे. उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला चारा खाऊन जनावरं आतल्या आत रक्त वाहून मरू लागली होती. १९३३च्या हिवाळ्यात, बर्फाच्या वादळात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथून शोध घेत घेत १९४८ साली वॉर्फरिन नावाचं उंदरांचं विष बाजारात आलं. थोड्याच वर्षांत ते माणसांना, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून, औषध म्हणून द्यायला लागले. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही तेच दिलं.

हे मास्तर रंगात येऊन सांगत होते ते तळमजल्यावरच्या काकांना. काकांच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि गोळीची वेळ झाली होती. काकांनी पाकिटावरचं नाव वाचलं, मास्तरांकडे पाहिलं, गोळी घेतली, वर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मास्तर, आता तुम्ही घरी जा."

त्यांच्या मर्मावर बोट ठेवायचं असेल तर मंत्रालयाचं नाव काढावं. मार्च २०१८मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत प्रश्न केला होता की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले कसे? मास्तरांनी तेव्हा कांदा-बटाटा मार्केटसमोरच्या टपरीवर कागद मागून हिशेब मांडला होता, तो अजून पाठ आहे. रोजचे पंचेचाळीस हजार सहाशे. मुंबई महापालिकेचे मूषकसंहारक रात्रभर काठी घेऊन फिरतात, त्यांना रात्रीचे तीस उंदीर नेमून दिलेले. म्हणजे दीड हजार माणूस लागलं असतं. "दीड हजार माणूस मंत्रालयात रातच्याला काम करतंय, हे मला आधी पटवून द्या," मास्तर म्हणतात. "उंदराचं मग बगू." पुढे सरकारकडून खुलासा झाला की तो आकडा उंदरांचा नव्हे, विषाच्या गोळ्यांचा. यावर मास्तरांचं समाधान झालं. गोळ्या मोजता येतात. उंदीर काही हजेरीपटावर सही करत नाही.

चिचुंद्रीला मात्र ते हात लावत नाहीत, कितीही पैसे द्या. ती उंदीर नव्हेच. झुरळं खाऊन जगते, म्हणजे त्यांच्याच धंद्यातली. तिची पिल्लं एकमेकांच्या शेपटीच्या मुळाशी दातांनी धरून रांगेनं आईमागून चालतात. एकदा भाजी मार्केटच्या भिंतीकडेनं तशी रांग चालली होती, तेव्हा मास्तरांनी हात आडवा करून एक टेम्पो थांबवला. ड्रायव्हर काय म्हणाला ते इथे लिहिता येणार नाही.

सगळं सगळ्यांना सांगायचं नसतं, हेही या माणसाला कळतं. पहिल्या मजल्यावरच्या माळकरी आजी तांदळात सोंडे झाले म्हणून वाण्याला शिव्या देत होत्या. सोंडे डब्यात बाहेरून येत नाहीत. मादी दाण्याला भोक पाडून आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच बसवते. अळी आतच खाते, आतच वाढते, आणि दाणा वरून धडधाकट दिसतो. मास्तरांनी चार दाणे भिंगाखाली धरून मला ते बूच दाखवलं. मग आजींनी विचारलं, "आधीचा भात आम्ही खाल्ला, त्यात काही नव्हतं ना?" मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, आजींच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघितलं आणि म्हणाले, "कायबी न्हाई. ह्यो डबाच दमट. उनात घाला, कडुलिंबाचा पाला टाका."

वाळवीपायी तर त्यांचं कामच राहून जातं. सावंतवाडीच्या काकूंच्या दाराची चौकट त्यांनी बोटानं ठोकली, पोकळ आवाज आला, आणि ते वारुळात शिरले. वाळवी मुंगीच्या नात्यातली नव्हे. ती झुरळांचीच समाज करून राहणारी शाखा. वारुळं बांधणाऱ्या जाती जमिनीखाली पाल्यालाकडाच्या चोथ्यावर बुरशीची शेती करतात आणि पावसाळ्यात त्या बुरशीलाच वारुळावर अळंबी फुटते. "ती रोवणाची अळंबी?" काकूंनी विचारलं. झालं. पुढचा अर्धा तास खोबरं भाजून घालायचं की कच्चं, यावर गेला. चौकट दुसऱ्या दिवशी बघितली.

गेल्या साली कमिटीनं कंटाळून एका कंपनीला काम दिलं होतं. युनिफॉर्म घातलेला मुलगा आला, प्रत्येक घरी बारा मिनिटं, तोंडाला मास्क, एक शब्द नाही. झुरळं गेली. वहिनींनी त्याला विचारलं, "कुठलं होतं रे, बारकं की मोठं?" तो म्हणाला, "झुरळ होतं." वहिनी वार्षिक सभेत हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज दुखावलेला होता.

त्या सभेतच मास्तरांना परत बोलवायचं ठरलं. सेक्रेटरींनी एकच अट घातली: हमी लेखी द्या. मास्तरांनी दोन दिवस घेतले आणि लेटरहेडवर स्वच्छ अक्षरात लिहून आणलं: 'सदर इमारतीत झुरळे, उंदीर, मुंग्या इत्यादी पुन्हा येणार नाहीत, अशी हमी देता येत नाही. आल्यास कोणत्या जातीचे आले, हे विनामूल्य सांगितले जाईल.' सेक्रेटरींनी 'विनामूल्य'खाली लाल रेघ मारून घेतली, वहिनींनी अनुमोदन दिलं आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.