कोडेकाका

प्रत्येक सोसायटीत एक कोडेकाका असतात. निवृत्त, बहुधा बँकेतून; खिशाला पेन, पेनाला टोपण नाही. सरळ विचारून कळण्यासारखी गोष्ट ते विचारत नाहीत. विचारणं म्हणजे परीक्षेत गाईड उघडणं, असं त्यांचं मत.

रिक्षाच्या पाटीवर 3524 दिसलं की त्यांचे ओठ हलू लागतात. अंक उतरते मांडायचे, त्यातून चढते वजा करायचे: 5432 वजा 2345, उरले 3087. पुन्हा तेच केलं की 8352 आणि तिसऱ्या खेपेला 6174! देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा हा स्थिरांक. चारही अंक सारखेच नसले, तर जास्तीत जास्त सात खेपांत माणूस तिथे पोचतोच. काकाही पोचतात, रिक्षा तोवर दुसरं गिऱ्हाईक घेऊन गेलेली असते.

मंडईत मेथी 15, फ्लॉवर 30, लिंबं 12. भाजीवाली म्हणाली, "बासष्ट." काकांनी बेरीज केली नाही, बेरीज काय, कोणीही करतं.

"मावशी, सगळे भाव तीनच्या पटीत. सहा नि दोन आठ, आठाला तीनने भाग जात नाही. हिशेब चुकलाय तुमचा."

"आणि पिशवीचे पाच कोण देणार, काका?"

परवा समोरच्या नव्या भाडेकरूने सहज विचारलं, "नाती केवढ्या आहेत तुमच्या?"

"तिघी. वयांचा गुणाकार 36. बेरीज तुमच्या दारावरचा नंबर."

भाडेकरूने वळून आपली पाटी बघितली, बोटं मोजली आणि हात टेकले. "एवढ्यावरून नाही सांगता येणार."

काकांचा चेहरा उजळला. "वा! थोरली कथक शिकते. आता सांगा."

इथे मात्र काकांना मानावं लागतं. तीन वयांचा गुणाकार 36 आठ तऱ्हांनी जमतो. नंबर डोळ्यांसमोर असूनही माणूस अडतो, म्हणजे ती बेरीज दोनदा येणारी हवी. तशी एकच, 13: एकतर 1, 6, 6, नाहीतर 2, 2, 9. थोरली एकच असेल, तर ती नऊची. कथक नुसतं तोंडी लावायला. खरी किल्ली भाडेकरूचं ते "नाही सांगता येणार".

तो तोंड उघडणार, तोच आतून काकू आल्या. "थोरली नऊची हो, आणि जुळ्या दोन वर्षांच्या. चहात साखर किती चमचे?"

"सांगू नका!" काका ओरडले. "आधी एवढंच सांगा, आकडा सम की विषम?"